पोराबाळांसह बर्फाच्या गावाला

मंडळी, थंडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? रात्रीची वीज, म्हणून मध्यरात्री गव्हाला पाणी धरताना बधिर झालेले पाय, चुलीपुढची ऊब, हुरड्याची आगटी, आणि पारा फारच उतरला तर निफाडकडच्या द्राक्षबागाईतदारांनी बागेत रात्रभर पेटत्या ठेवलेल्या शेकोट्या. महाबळेश्वरला वेण्णा तळ्याच्या काठी एखाद्या पहाटे दंव गोठते, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि आपण म्हणतो, "काय बर्फ पडलाय!" बाकी आपली नि बर्फाची ओळख जत्रेतल्या गोळ्यापुरती.

अशा माणसाला कुणी म्हणाले की, चल, बायकापोरांना घेऊन खऱ्या बर्फात जाऊ, पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरू, तर तो त्याला वेड्यात काढील. माझा धाकटा भाऊ बोरिवलीला काजूपाड्यात राहतो. २०२४ च्या जानेवारीत त्याने फोनवर हेच सांगितले आणि मीही त्याला वेड्यात काढले. एक तर आमच्या खटाव तालुक्यात २०२३ चा पावसाळा हात आखडून गेलेला. शाळू गुडघ्याएवढा होऊन थांबला होता, विहिरीचा तळ दिसत होता. अशा साली गावातल्या चार माणसांना काय सांगून सहलीला निघायचे?

पण त्याने आईचे नाव काढले आणि माझे तोंड बंद झाले. आमचे वडील लष्करात होते. साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांत निदान एक तरी जवान निघतोच, तसे आमचे. ते रजेवर आले की ओट्यावर बसून काश्मीरकडच्या गोष्टी सांगत. बर्फ पिंजलेल्या कापसासारखा पडतो, पडताना आवाज होत नाही, आणि पायांना फळ्या बांधून जवान डोंगर उतरतात, हे सारे आईने ऐकलेले. शेवटचे मात्र तिने कधी मान्य केले नाही. "फळीवर उभं राहून मानूस डोंगर उतरतू व्हय? काय बी सांगत्यात!" वडील गेले, पण तो वाद तसाच राहिला. आई आता एकाहत्तर वर्षांची. धाकटा म्हणाला, "दादा, तिला एकदा दाखवू. खर्च माझा." मग काय बोलणार?

बोरिवलीकरांना बर्फाची हौस नवी नाही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये एके काळी बर्फावर स्केटिंग करायची जागा होती. कुर्ल्याला एका मोठ्या बाजारसंकुलात कृत्रिम बर्फाचे दालन आहे, तिथे भावाची पोरे तासभर उड्या मारून आलेली. पूर्वी मुंबईची मंडळी मनालीला जात ती मे महिन्याच्या सुट्टीत, उरलासुरला बर्फ पाहायला. आता पुष्कळजण ऐन हिवाळ्यात जातात, कारण आता पाहण्यापेक्षा त्यावर घसरायची हौस मोठी झाली आहे. या खेळाला स्कीइंग म्हणतात आणि त्या फळ्यांना स्की. शब्द नॉर्वे देशातला. मूळ अर्थ काय असेल? फोडलेले लाकूड. म्हणजे आपल्या भाषेत ढलपी!

गंमत अशी की हा आज श्रीमंतांचा वाटणारा खेळ तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या घरातून आला. नॉर्वेत हिवाळ्यात गावे बर्फात बुडत, शेजारच्या वस्तीवर जायचे तरी फळ्यांवाचून गत्यंतर नसे. १८२५ साली तिथल्या टेलेमार्क भागात सोंद्रे नॉरहाइम नावाचा माणूस जन्मला. दुसऱ्याच्या जमिनीवर राहून राबणाऱ्या कुळाचे घर त्याचे. त्याने पिळलेल्या फांद्यांचे वळे करून टाचेमागून बांधले, त्यामुळे उडी मारली तरी फळी पायातून निसटेना आणि वळणही घेता येऊ लागले. आजच्या स्कीइंगचा तो मूळपुरुष मानला जातो. पोटासाठी तो १८८४ साली अमेरिकेला गेला आणि तिकडेच वारला. जगभर लाखो लोक त्याच्या युक्तीवर घसरतात, आणि त्याचा उभा जन्म गरिबीत गेला. असो.

तिकिटे काढली आणि नवीनच काळजी लागली. मनालीला बर्फच नाही! २०२४ चा जानेवारी हिमाचल नि काश्मीरला जवळजवळ कोरडा गेला. गुलमर्ग म्हणजे आपल्या देशातले स्कीइंगचे सर्वांत नावाजलेले ठिकाण. तिथले उतारसुद्धा पिवळ्या गवताने उघडे पडलेले टीव्हीवर दिसत होते. आपल्याकडे पाऊस नाही आणि तिकडे बर्फ नाही. धाकटा हवालदिल झाला. मला मात्र, खरे सांगतो, जरा सुटल्यासारखे वाटले. पण जानेवारी संपता संपता तिकडे आभाळ भरून आले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत मनालीला भरपूर बर्फ पडला. आम्ही माघात निघालो.

बोरिवलीला थांबणारी पश्चिम एक्सप्रेस अमृतसरला जाते. दुपारी बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी अंबाल्याला उतरलो, तिथून बसने रात्रभर मनाली. आम्ही आठजण. मी, माझी बायको, आमचा मुलगा, आई, भाऊ, भावजय आणि त्यांची दोघे, मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची. आईने बरोबर काय घ्यावे? माणदेशी घोंगडे. भावजय हळूच म्हणाली, "आत्या, तिथे कोट भाड्याने मिळतात, हे ओझं कशाला?" आईने ऐकले नाही. त्या घोंगड्याची गोष्ट पुढे येईलच.

मनालीच्या बाजारात न राहता नग्गरच्या रस्त्यावरील एका गावात, सफरचंदाच्या बागाईतदाराच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. हे भावाने फार शहाणपणाचे केले. नवे घर सिमेंटचे, पण शेजारी त्यांचे जुने घर उभे होते. एक थर दगडाचा, एक थर देवदाराच्या तुळयांचा, असे रचत नेलेले. तिकडे त्याला काठकुणी म्हणतात. खाली गाईगुरे, वर माणसे. गुरांची ऊब वर चढते. आपल्या कोकणात नि घाटावर गोठा घराला लागून असतो, त्यातलाच हा प्रकार. बागेत सफरचंदाची झाडे निष्पर्ण, काळी, आणि प्रत्येक आळ्यात मांडीभर बर्फ. आई बसमधून उतरली, वाकली, तळहात बर्फावर टेकला आणि तसाच ठेवला. कुणीच काही बोलले नाही.

स्कीइंग चालते ते सोलंगला. मनालीपासून ते तेराचौदा किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात तिथे गुरे चरतात, हिवाळ्यात तेच कुरण पांढरे होते. वाटेवर दुकानांची रांग, प्रत्येकात कोट, विजारी, गमबूट, हातमोजे भाड्याने. इथेच सांगून ठेवतो, भाडे ठरवताना एकदा स्पष्ट विचारून घ्यावे: दर तासाचा की दिवसाचा, शिकवणारा त्यात धरलेला आहे की वेगळा, अनामत किती. वाटेत मोटारीला लोंबकळणाऱ्या दलालाशी सौदा करू नये. आणि कपडे अंगावर चढवण्याआधी आत हात घालून पाहावेत. आम्ही ते केले नाही, आणि त्याची किंमत नऊ वर्षांच्या पोरीने मोजली.

पण आधी खेळाचे सांगतो. आमचा शिकवणारा पंचविशीतला पोरगा, उन्हाळ्यात स्वतःच्या बागेत फवारणी करणारा. त्याने पहिला अर्धा तास घसरायला शिकवलेच नाही, पडायला शिकवले. समोर पडायचे नाही, मागे पडायचे नाही, कुशीवर पडायचे, आणि उठताना फळ्या उताराला आडव्या करायच्या. नाहीतर उठता उठता पुन्हा निघालात! बूट लोखंडासारखे कडक, घोट्यावर आवळलेले. जोरात पडलो तर फळी आपोआप सुटते, म्हणजे पाय मुरगळत नाही. ती कळ आपल्या वजनाप्रमाणे आधी बसवून घ्यावी लागते.

मग थांबायचे कसे? दोन्ही फळ्यांची पुढची टोके जवळ आणायची, मागची फाकवायची आणि टाचा बाहेर रेटायच्या. फळ्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. पोरगा म्हणाला, "इंग्रजीत याला बर्फाचा नांगर म्हणतात." मी म्हटले, "अरे, मग हे आधीच सांगायचेस! नांगर तर आम्ही जन्मभर धरलाय." एवढे बोललो आणि बैल नसलेला तो नांगर मला घेऊन सरळ खाली सुटला. पंधरा-वीस पावलांवर कुशीवर पडलो, शिकवल्याप्रमाणे. पोरे पोट धरून हसली. माझ्या बायकोने मात्र पदर खोचला, नऊवारीवरून ती जाडजूड विजार चढवलेलीच होती, आणि तिसऱ्या खेपेला नांगर धरून नेमकी आईसमोर येऊन थांबली. आई बराच वेळ तिच्या पायांकडे पाहत होती. मग एवढेच म्हणाली, "म्हंजी खरंच उतरत्यात की." कुणाला उद्देशून, ते आम्हाला ठाऊक होते.

लहान मुले हे फार लवकर शिकतात. त्यांचा जीव जमिनीला जवळ, भीती कमी. आमची पुतणी पहिल्याच दिवशी तीस-चाळीस पावले न पडता जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी ऊन नव्हते, वारा सुटला होता. आम्ही मोठी माणसे चहाच्या टपरीवर. पोरगी वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. एकदा भावजयीने विचारले, "थंडी वाजतेय का गं?" ती म्हणाली, "नाही." आणि आम्हाला तेवढे पुरले.

वाचकहो, मायबहिणींनो, हे नीट वाचा. खेळात रमलेले मूल थंडी वाजते म्हणून कधीच सांगत नाही, कारण सांगितले तर घरी नेतील. संध्याकाळी खोलीवर येऊन भावजयीने तिचे हातमोजे ओढून काढले, ते पिळले तर पाणी निघावे असे. भाड्याचे मोजे आतून आधीच ओलसर होते, आणि त्यांच्या आत आम्ही हौसेने घरचे सुती मोजे घातलेले. पोरीच्या दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटे पेरांपर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी. चिमटा काढला तरी तिला कळेना. भावजयीने हंबरडाच फोडला.

मी काय केले? आपण कुणीही करू तेच. पोरीला उचलले आणि शेगडीकडे धावलो, हात धगीवर धरायला. घरमालकांची म्हातारी आई चुलीपाशी बसली होती. तिने माझे मनगट असे पकडले की काय सांगू! "आग नको!" भाषा हिंदीही नव्हती धड, पण अर्थ कळला. तिने पोरीचे ओले कपडे उतरवायला लावले, तिला कोरड्या पट्टूत गुंडाळले आणि तिचे दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले. सुनेला पाणी तापवायला सांगितले, कोपर बुडवून पाहिले, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला असते तसे कोमट. त्यात बोटे बुडवली. पाणी निवले की नवे कोमट. असे अर्धा तास. हळूहळू बोटे गुलाबी, मग लालभडक झाली आणि पोरगी कळांनी किंचाळू लागली. आम्ही घाबरलो, म्हातारी मात्र हसली. रडते आहे म्हणजे बोटात रक्त आले.

दुसऱ्या दिवशी मनालीत डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, वरवरचे आहे, फोड आलेला नाही, बोटे वाचली. पण आता ही मुलगी बर्फात जाणार नाही. मग त्यांनी समजावले ते तुमच्यासाठी जसेच्या तसे लिहितो. गारठून बधिर झालेल्या बोटाला चटका कळत नाही, म्हणून शेकोटीवर धरले तर कातडी जळते आणि मुलाला पत्ताही लागत नाही. ते चोळूही नये, बर्फाने तर मुळीच नाही. आत गोठलेले असते, चोळल्याने मांस दुखावते. वाटेत पुन्हा गारठणार असेल तर वाटेत ऊब देऊ नये, कोरड्या कपड्यात झाकून आधी मुक्कामाला न्यावे. एकदा सुटून पुन्हा गोठलेले बोट अधिक नासते. ऊब देऊनही बधिर राहिले, फोड आले, रंग करडा किंवा काळपट पडला, तर तडक इस्पितळ.

त्याहून वाईट म्हणजे सगळे अंगच गारठणे. माणूस हुडहुडतो तोवर बरे म्हणायचे, शरीर झगडते आहे. बोलणे जड झाले, पाय अडखळू लागले, हातातली वस्तू पडू लागली आणि हुडहुडी आपोआप थांबली, तर ती विश्रांती समजू नका. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, आडोशाला न्यावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी द्यावे आणि मदत बोलवावी. दारूने ऊब येते हा समज खोटा आहे. कातडीकडे रक्त धावते म्हणून क्षणभर गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

त्या रात्री पोरीच्या अंगावर आईचे घोंगडे होते. डॉक्टरांनीही तेच सांगितले, की लोकर ओली झाली तरी पुष्कळशी ऊब धरते, सूत भिजले की उलट अंगातली ऊब ओढून घेते. आपल्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसात मेंढरांमागे ते काय पांघरून उभे राहतात? भावजयीने घोंगड्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. निघताना मात्र तिने विचारले, "आत्या, असलं म्हसवडच्या बाजारात मिळतं का हो?"

आणखी एक गोष्ट राहिली. पहिल्याच रात्री आईने खोलीत निखाऱ्याची शेगडी मागितली होती. मालकांनी साफ नाही म्हटले. त्यांच्या बैठकीत लोखंडी चूल होती, तिला ते तंदूर म्हणतात. तिची नळी छपरातून बाहेर गेलेली. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना धूर, आणि झोपलेली माणसे झोपेतच जातात. दर हिवाळ्यात उत्तरेकडे अशी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या येतात. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवायची रीत आपल्याकडेही आहे. खिडकी किलकिली ठेवा, आणि डोळा लागण्याआधी शेगडी बाहेर काढा.

पोरगी खोलीत बसली म्हणून तिसऱ्या दिवशी मीही सोलंगला गेलो नाही. मालकांबरोबर बागेत फिरलो, आणि खरे सांगायचे तर सगळ्या सहलीतला माझा सर्वांत चांगला दिवस तोच. मी विचारले, "एवढा बर्फ झाडाला बाधत नाही?" ते हसले. म्हणाले, जानेवारीत बर्फ नव्हता तेव्हा आम्हाला झोप नव्हती. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात गाढ झोप लागते. सुमारे सात अंशांखालच्या थंडीचे ठरावीक तास अंगावरून गेल्याशिवाय ते नीट जागे होत नाही. जुन्या लाल जातींना असे हजाराच्या वर तास लागतात. थंडी कमी पडली की फूल मागेपुढे येते, फळ धरत नाही. आणि बर्फ म्हणजे सावकाश मुरणारे पाणी. पाऊस उतारावरून पळून जातो, बर्फ आळ्यात बसून थेंब थेंब झिरपतो. त्यांचा हिशेब असा की फूटभर भुसभुशीत बर्फ म्हणजे साधारण इंचभर पाऊस. हा बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे थंडीतले ढग, ज्यांची शेपटी कधीकधी आपल्या गव्हा-हरभऱ्यावर अवकाळी म्हणून कोसळते.

येताना वाटेत बसमधून पंडोहचे धरण दिसले होते. बियास नदीचे पाणी तिथून बोगद्याने सतलजकडे वळवले आहे, १९७७ सालापासून. ते पुढे भाक्र्याला मिळते आणि पंजाब, हरियाणा, राजस्थानपर्यंत शेते भिजवते. गाडीतून मी जो हिरवागार गहू पाहत आलो होतो, त्याच्या मुळाशी असल्याच डोंगरांवरच्या बर्फाचे पाणी होते. म्हणजे आम्ही ज्याच्यावर पैसे मोजून घसरत होतो ते कुणाचे तरी धरण होते, आणि त्या वर्षी ते उशिरा भरले होते. घसरायला आलेली माणसे आणि बागाईतदार दोघेही एकाच आभाळाकडे डोळे लावून बसले होते. फरक इतकाच की आमची सहल बुडाली असती, त्यांचे वर्ष.

उष्ण हवेत येणारे सफरचंद निघाले आहे हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी थोड्या थंडीत फळणारी जात पुढे आणली. हरमन ९९ या नावाने ती ओळखली जाते, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही काही हौशी शेतकऱ्यांनी तिची झाडे लावली आहेत. मी विचारले तेव्हा मालक म्हणाले, "लावा दोन झाडे पोरांसाठी. पण एकदम एकरभर लावू नका." मला तो सल्ला पटला.

तुमच्यापैकी कुणाला मुंबईचे भाऊबंद असेच घेऊन निघाले, तर ठिकाणांबद्दल थोडे. पोराबाळांच्या पहिल्या खेपेला सोलंग सोयीचे. नीट शिकायचे असेल तर मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची सरकारी पर्वतारोहण संस्था आहे, ती हिवाळ्यात स्कीइंगचे वर्ग घेते. गुलमर्गला पाळण्याचा रज्जुमार्ग दोन टप्प्यांत अफरवतच्या अंगाने जवळजवळ तेरा हजार फुटांवर नेतो. वरचा टप्पा नवशिक्यांचा नव्हे, तिथे दम लागतो आणि हिमकडे कोसळतात. आम्ही परतलो त्याच महिन्यात तिथे हिमकडा कोसळून एक परदेशी स्कीपटू गेला. उत्तराखंडात औलीचे उतार फार सुंदर, पण २०२३ च्या जानेवारीत खालच्या जोशीमठ गावाची जमीन खचून घरांना तडे गेले, तेव्हा तिथला रज्जुमार्ग बंद करावा लागला होता. निघण्याआधी चौकशी करावी. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला, तेव्हापासून पलीकडे लाहौलमध्येही गर्दी होते. बर्फ जोरात पडू लागला की मात्र तिकडे जाऊ नये. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान शेकडो मोटारी अडकल्या, लेकुरवाळी माणसे तासन्‌तास गाडीत बसून होती. थर्मासमध्ये गरम पाणी, गूळ-शेंगदाणे आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड पिशवीत हवेतच. काळा चष्माही हवा, बर्फावरचे ऊन डोळे जाळते. आणि दर अर्ध्या तासाला पोरांना विचारू नका, त्यांच्या बोटांना, नाकाला, कानाला हात लावून पाहा.

शेवटच्या रात्री मालकिणीने सिड्डू केले. आंबवलेल्या कणकेत अक्रोडाचे सारण भरून वाफवतात, वर सढळ तूप. आईने दोन खाल्ले. मग तिने काय करावे? अंगणातून पातेलेभर भुसभुशीत बर्फ आणला आणि चुलीवर ठेवला. सगळे बघत बसलो. बर्फ बसत गेला, बसत गेला, आणि तळाशी बोटभर पाणी उरले. आईने ते तांब्यात ओतून घेतले, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "बेतानंच हाय की हितं बी."

एप्रिलच्या मध्यावर मालकांचा फोन आला. झाडे फुलली होती, यंदा बार उशिरा पण आला होता. पोरीची बोटे कशी आहेत, हे त्यांच्या म्हातारीने तीनदा विचारायला लावले. चांगली आहेत, म्हटले, फक्त गार पाण्यात घातली की अजून झिणझिण्या येतात. मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे पाणी कसे आहे?" मी विहिरीकडे पाहिले. टँकरची वाट बघतोय, म्हणालो.